परांचीची रोजची तपासणी साईटवरच्या माणसांच्या हातात दिली तेव्हा काय झालं: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका बहुमजली इमारतीचं बाहेरून गिलावा आणि रंगाचं काम चालू होतं. चारही बाजूंनी पाइप आणि क्लॅम्पची परांची. ती उभारणारा ठेकेदार वेगळा, वापरणाऱ्या गँग वेगळ्या आणि साईट चालवणारी कंपनी तिसरीच. ओळख पटू नये म्हणून कोणाचं नाव आणि जागा दिलेली नाही, मी ट्रेनिंगच्या बाजूने यात होतो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, उभारणी चांगली होती. परांचीवर काही झालं की पहिलं बोट परांचीवाल्याकडे जातं म्हणून मुद्दाम लिहितोय. उभ्या पाइपांखाली बेस प्लेट होत्या, त्यांच्याखाली लाकडी फळ्या होत्या, तिरके पाइप होते, भिंतीत टाय (परांची भिंतीला पकडून ठेवणारे पाइप) होते, वापरायला देताना सह्या करून कागद दिलेला होता. परांची ठेकेदाराचा जाणकार माणूस दर आठवड्याला येऊन सगळी तपासणी करायचा आणि शिडीपाशी हिरव्या टॅगवर, म्हणजे वर जायला हरकत नाही, तारीख टाकून जायचा. ब्रिटनच्या २००५ च्या उंचीवरच्या कामाच्या नियमांत हीच पद्धत आहे, २ मीटर किंवा जास्त उंचीवरून माणूस पडू शकेल अशी बांधकामाची परांची असेल तर वापराआधी तपासायची, मग दर ७ दिवसांच्या आत, आणि मजबुतीला धक्का लागेल असा वारा-पाऊस झाला की परत. अमेरिकेत ओशाचा (कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) नियम दर शिफ्टच्या आधी जाणकार माणसाने बघावं असा आहे. या साईटने ७ दिवसांची पद्धत धरलेली आणि ती नीट पाळलीही जात होती.

गडबड त्या ७ दिवसांच्या मधे होत होती.

घटना

रात्री जोराचा वारा आणि पाऊस झाला होता. सकाळी गिलाव्याची गँग नेहमीसारखी वर गेली, कारण टॅग हिरवा होता आणि तारखेप्रमाणे अजून दोन-तीन दिवस बाकी होते. तिसऱ्या लेव्हलवर एका गवंड्याने फळीच्या टोकावर पाय दिला आणि फळी दुसऱ्या बाजूने उचलली गेली. त्याने कठड्याचा पाइप धरला म्हणून वाचला, हातातली थापी आणि भरलेलं घमेलं खाली गेलं. खाली त्या क्षणी कोणी नव्हतं.

काम थांबवून परांची वरपासून खालपर्यंत बघितली तेव्हा जे निघालं ते एका फळीपुरतं नव्हतं. फळी सरकवलेली होती, आधाराच्या पाइपच्या बरीच बाहेर गेलेली, म्हणजे टोक लोंबकळत होतं. त्याच बाजूचे दोन टाय गायब. माल वर घ्यायला सोपं जावं म्हणून एका खणातला (दोन उभ्या पाइपांमधल्या भागातला) कठड्याचा मधला पाइप काढून ठेवलेला. आणि खाली कोपऱ्यात पावसाच्या पाण्याने माती वाहून जाऊन बेस प्लेटखालच्या फळीचा एक भाग चक्क अधांतरी होता.

पावसाचं सोडलं तर बाकी तिन्ही गोष्टी माणसांनी केलेल्या, आणि कोणीही वाईट हेतूने नाही. टाय गिलाव्याच्या आड येत होता म्हणून काढला, नंतर लावू म्हणलं, आणि नंतर लावायला कोणाकडे पानाही नव्हता आणि ते कोणाचं कामही नव्हतं. परांची रोज वापरणाऱ्या माणसांच्या डोळ्यासमोर ती बदलत होती आणि तपासणारा माणूस तेव्हा दुसऱ्या साईटवर होता.

समोर असलेले पर्याय

पहिला विचार आला तो परांची ठेकेदाराचा माणूस रोज बोलवायचा. ऐकायला बरोबर वाटतं, पण तो सकाळी ८ ला बघून गेला आणि टाय ११ ला निघाला तर काय, परत दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच. शिवाय रोज यायला तो तयारही नव्हता.

दुसरा, सगळं सेफ्टी ऑफिसरवर टाकायचं. एकच माणूस, त्याच्याकडे खोदकाम, क्रेन, वेल्डिंग, कागदपत्रं, सगळं. तो चारही बाजू रोज प्रामाणिकपणे चढून बघेल असं धरणं म्हणजे स्वतःचीच समजूत काढणं होतं.

तिसरा पर्याय, आठ-दहा जणांना परांची तपासनीसाचा पूर्ण कोर्स करवायचा. यावर बराच खल झाला. माझा याला विरोध होता आणि आजही आहे. पूर्ण कोर्स केलेल्या माणसाकडून पूर्ण तपासणीची अपेक्षा केली जाते, आणि मग हळूहळू साईट म्हणते की आता आपली माणसं आहेत ना, मग बाहेरच्याची साप्ताहिक तपासणी कशाला. ती तपासणी गेली की डिझाइन, लोड, टायची संख्या यावर नजर ठेवणारं कोणी उरत नाही.

चौथा पर्याय घेतला. साप्ताहिक तपासणी जशी आहे तशी ठेवायची, आणि तिच्या जोडीला साईटवरच्या निवडक माणसांना वापराआधीची साधी तपासणी शिकवायची. त्यांचं काम तीनच गोष्टींचं: बघायचं, काही बदललेलं दिसलं तर थांबवायचं, आणि योग्य माणसाला बोलवायचं. दुरुस्ती त्यांच्या कामात बसवलीच नाही.

माणसं कोण निवडायची

साईट मॅनेजरचं म्हणणं होतं की इंजिनियरना शिकवा, त्यांना लिहिता-वाचता येतं, चेकलिस्ट भरता येते. पण ज्युनियर इंजिनियर परांचीवर दिवसातून किती वेळ असतो? गिलाव्याचा मुकादम दिवसभर तिथेच असतो, रंगाच्या गँगचा मुकादम तिथेच असतो, आणि खालून वर माल पाठवणारा माणूस तर कोणत्या खणात काय सरकवलंय हे सगळ्यात आधी बघतो.

मुकादम घेण्यात अडचण अशी की काम थांबलं तर त्याच्याच गँगचं नुकसान. तो स्वतःच्याच कामाला लाल टॅग, म्हणजे वर जायला बंदी, लावेल का? यावर काढलेला उपाय मला अजूनही पटतो. गिलाव्याचा मुकादम सकाळी रंगाच्या बाजूची परांची बघणार आणि रंगाचा मुकादम गिलाव्याच्या बाजूची. स्वतःच्या बाजूवर नजर ठेवायचीच, पण सकाळची सही दुसऱ्याची. दोन दिवस कुरकुर झाली मग रुळलं.

ट्रेनिंग कसं झालं

खोलीत बसून थोडाच वेळ घालवला आणि त्या वेळात एकच गोष्ट सांगितली, वजन कुठून कुठे जातं. माणूस आणि माल फळीवर, फळी आडव्या पाइपवर, आडवा पाइप क्लॅम्पच्या जोरावर उभ्या पाइपला, उभा पाइप बेस प्लेटवर, प्लेट लाकडी फळीवर, आणि फळी जमिनीवर. या साखळीत कुठेही एक कडी ढिली झाली की वरच्या सगळ्या कड्या निरुपयोगी. आणि टाय हे या साखळीच्या बाहेरचं वेगळंच काम करतात, ते परांचीला भिंतीपासून लांब जाऊ देत नाहीत. एवढं कळलं की चेकलिस्टमधलं प्रत्येक कलम कशासाठी आहे ते पाठ करावं लागत नाही.

मग बाहेर. परांची ठेकेदाराकडून मैदानात एक छोटी, बुटकी परांची मुद्दाम उभी करून घेतली, त्यात ठरवून दोष ठेवले आणि वर कोणी चढायचं नाही असं बजावलं. एक क्लॅम्प ढिला. एका बाजूला टो बोर्ड (वस्तू खाली पडू नये म्हणून कडेला लावलेली उभी पट्टी) नाही. एक फळी आधारावर जेमतेम टेकलेली आणि दुसरी खूप बाहेर आलेली. एक चिरलेली फळी, तिच्यावर रंग फासलेला. शिडी वरच्या टोकाला बांधलेली नाही. आणि एक बेस प्लेट लाकडी फळीच्या अगदी कडेला.

पहिल्या फेरीत जवळपास सगळ्यांनी मान वर केली. टो बोर्ड दिसला, शिडी दिसली, बाहेर आलेली फळी दिसली. बेस प्लेट कोणालाच दिसली नाही कारण खाली कोणी बघितलंच नाही. म्हणून पुढच्या फेरीपासून क्रमच ठरवून टाकला, सुरुवात पायापासून, परांचीच्या भोवती जमिनीवरून एक पूर्ण चक्कर, पाणी साचलंय का, कोणी बाजूला खड्डा खणलाय का, प्लेट मधोमध आहे का, आणि मगच शिडी.

काही आकडे दिले, पण मोजकेच, आणि टेप लावून दाखवले. ब्रिटिश पद्धतीत ३८ मिलिमीटर जाडीच्या लाकडी फळीला साधारण दर १.५ मीटरला आधार लागतो, फळी शेवटच्या आधाराच्या बाहेर निदान ५० मिलिमीटर यायला हवी आणि जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण दीडशे. कठडा निदान ९५० मिलिमीटर उंच आणि पाइपांमधली मोकळी जागा ४७० पेक्षा जास्त नाही. टेकवलेली शिडी चार वर गेली तर एक बाहेर. तुमच्याकडची परांची वेगळ्या पद्धतीची असेल तर आकडे त्या पद्धतीचे घ्या. त्या घटनेतली फळी याच दीडशेच्या कितीतरी पुढे होती, आणि टेप लावल्यावर मुकादमाच्या तोंडून आपसूक निघालं, "अहो, एवढी तर आम्ही रोजच सरकवतो."

क्लॅम्पवरून वाद झाला. रंगाचा मुकादम म्हणाला, "साहेब, ढिला दिसला तर पान्याने एक फेरा देऊन टाकू की, त्यात काय एवढं?" त्याचं म्हणणं सरळ होतं आणि खोलीतल्या बऱ्याच जणांना पटलंही. तरी नाही म्हणलं. नट आपोआप ढिला झाला की कोणीतरी पाइप काढून परत लावला हे कळायला हवं, कारण दुसरं असेल तर बाजूचे क्लॅम्पही बघायला लागतात. आणि क्लॅम्प किती आवळायचा यालाही माप आहे, युरोपियन पद्धतीच्या नेहमीच्या कपलरला, म्हणजे क्लॅम्पला, साधारण ५० न्यूटन मीटर, जास्त जोर लावला तर बोल्टचे आटे जातात. गुपचूप आवळून टाकला तर दोष मिटतो पण तो का आला हे कायमचं झाकलं जातं.

न दिसणारा टाय

सगळ्यात अवघड गोष्ट निघाली ती टाय. ढिली वस्तू दिसते, तुटलेली दिसते, पण जी वस्तू नाहीच ती कशी दिसणार? भिंतीवर नुसती भिंत असते. सरावाच्या परांचीला टाय नव्हतेच, म्हणून खऱ्या परांचीच्या एका बाजूला उभं करून विचारलं की इथे सगळे टाय आहेत का, आणि कोणालाच उत्तर देता येईना. मलाही नुसतं बघून देता आलं नसतं.

यावर दोन गोष्टी केल्या. परांची ठेकेदाराने प्रत्येक टायचा पाइप लाल पट्ट्याने रंगवला. आणि प्रत्येक बाजूचं साधं चित्र शिडीपाशी लावलं, उभ्या खणांना अक्षरं, लेव्हलना आकडे, जिथे टाय तिथे लाल ठिपका. तेच अक्षर आणि आकडा पाइपांवरही लिहिला. आता चित्र बघून वर बघायचं, क-३ ला ठिपका आहे, मग क-३ ला लाल पट्टा दिसतोय का? फोनवरही सोपं झालं, "त्या तिकडे वरच्या कोपऱ्यात" च्या ऐवजी "क-३ चा टाय नाहीये" एवढंच. अख्ख्या ट्रेनिंगमधून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला असं मी सांगेन.

टॅगचा अधिकार

टॅगबद्दल ठरलं ते असं. लाल टॅग ट्रेनिंग घेतलेला कोणीही लावू शकतो, त्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही. हिरवा मात्र परांची ठेकेदाराचा जाणकार माणूसच करणार, तपासून, तारीख टाकून. आणि मजबुतीवर परिणाम होईल असा वारा-पाऊस झाला की सकाळी सगळे टॅग आधी लाल, मग त्याला बोलवायचं, हिरवा केल्यावर माणसं वर.

हे कागदावर लिहायला सोपं होतं. खरा प्रसंग काही दिवसांनी आला. रंगाचा मुकादम सकाळी चित्र घेऊन फिरत होता, ब-४ चा टाय नव्हता. त्याने लाल टॅग लावला. तोपर्यंत गिलाव्याचा माल कालवून झालेला, गँग शिडीपाशी उभी. गिलाव्याच्या सुपरवायझरचा आवाज चढला, माल वाया जाईल, अर्ध्या दिवसाचं काम आहे, दुपारी टाय लावून घेऊ. मुकादमाने साईट मॅनेजरला फोन लावला, "साहेब, ब-४ चा टाय नाहीये, मी कोणाला वर सोडत नाहीये, तुम्ही खाली या."

मॅनेजरपुढे मधला रस्ताही होता, फक्त वरच्या लेव्हल बंद करायच्या आणि खालच्या चालू ठेवायच्या. टो बोर्ड किंवा कठड्याचा दोष असता तर तेवढा खण बंद करून चाललं असतं, कारण तो दोष तिथल्या तिथे राहतो. टायचं तसं नाही, एकाचा भार शेजारच्यांवर जातो आणि किती जातो हे खाली उभं राहून कोणी सांगू शकत नाही. मॅनेजरने पूर्ण बाजू बंद ठेवली, गँगला आतल्या भिंतींच्या गिलाव्यावर पाठवलं, कालवलेला माल जेवढा आत वापरता आला तेवढा वापरला, उरलेला फेकला. आणि सगळ्यांसमोर मुकादमाला म्हणाला, "बरोबर केलंत."

त्या दिवशी मॅनेजरने टॅग काढायला लावला असता तर ट्रेनिंग तिथेच संपलं असतं. परत कोणी लाल टॅगला हात लावला नसता, आणि तो दोष त्या माणसांचा नसता.

परिणाम

पहिल्या काही आठवड्यांत लाल टॅग भरपूर लागले आणि वैताग झाला, कामाचा वेग दिसण्यासारखा कमी झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. मग कमी होत गेले. आम्ही लक्ष ठेवत होतो ते मात्र दुसऱ्याच गोष्टीवर, गिलाव्याची गँग टाय काढायच्या आधी सांगायला लागली. "उद्या ड-२ ला गिलावा येतोय, टाय हलवून द्या," असा निरोप आदल्या दिवशी परांची ठेकेदाराकडे जायचा आणि त्याचा माणूस आधी बाजूला दुसरा टाय लावून मग तो काढायचा.

चेकलिस्टचा मात्र घोळ झाला. महिन्याभरातच कागदांवर सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा एकाच पेनने, एका दमात केलेल्या दिसायला लागल्या. वर चढलेलं कोणी नाही हे शिडीच्या पायऱ्यांवरच्या न पुसलेल्या धुळीवरूनच कळायचं. रागावण्यापेक्षा कागद बदलला. चौकटी कमी केल्या आणि एक ओळ वाढवली, आज बघितलेली एक गोष्ट आणि कुठल्या खणातली. "अ-२, फळी ओली आणि शेवाळलेली." "क-१, शिडीची दोरी नवीन." असं लिहायला चढावंच लागतं. रोज एकच वाक्य आलं तर ते लगेच लक्षात येतं, आणि दोन वेळा आलंही, तेव्हा त्या माणसाला सोबत घेऊन चक्कर मारली.

वेगळं काय करता येईल

ट्रेनिंग मुकादमांपाशी थांबलं. फळी सरकवतो तो बिगारी, टाय काढतो तो गवंडी, आणि त्यांच्यापर्यंत जे पोचलं ते मुकादमाच्या तोंडून, तुटक. त्यांच्यासाठी परांचीपाशीच पंधरा मिनिटांचं दाखवणं वेगळं ठेवायला हवं, काय हलवायचं नाही आणि हलवावंसं वाटलं तर कोणाला सांगायचं, बस. गँगमधली माणसं बदलत राहतात म्हणून ते एकदा करून भागत नाही, नवीन माणूस आला की पहिल्या सकाळीच. आणि लिखाण कमी, फोटो जास्त, कारण सगळ्यांना एकच भाषा वाचता येत होती असं नाही.

उशिरा थांबणाऱ्या गँगचा विचार ट्रेनिंगमध्ये झालाच नव्हता. संध्याकाळनंतर परांचीवर लाइट लावून काम चालायचं आणि तपासणी सकाळचीच. दुपारनंतर वर येणाऱ्या गँगची स्वतःची सही हवी.

आणि एक गोष्ट जी अभ्यासक्रमात नक्की हवी. काम अर्ध्यावर असताना धूळ बाहेर जाऊ नये म्हणून कोणीतरी एका बाजूला जाळी बांधली. सकाळच्या तपासणीत ती चार दिवस तशीच पास झाली, कारण जाळी हा काही दोष दिसत नाही, उलट नीटनेटकं दिसतं. पण जाळी किंवा कापड लावलं की वारा आरपार जायचा कमी होतो आणि तो जोर टायवर येतो, परांचीचं डिझाइन जाळीशिवायचं असेल तर टाय कमी पडू शकतात. साप्ताहिक तपासणीत ती पकडली गेली, आणि पर्याय निवडताना ती तपासणी ठेवली होती ते इथे कामी आलं. तेव्हा काय तुटलंय, काय नाहीये यासोबत काय नवीन जोडलंय हाही प्रश्न सकाळच्या फेरीत हवा. जाळी, बोर्ड, माल ओढायची कप्पी, वर रचून ठेवलेल्या सिमेंटच्या गोण्या, परांचीला टेकवलेली दुसरी शिडी, यातलं काहीही नवीन दिसलं तर आधी लाल टॅग आणि मग परांची ठेकेदाराला फोन. पुढच्या बॅचच्या सरावाच्या परांचीला म्हणूनच ठरवलेल्या दोषांबरोबर एक स्वच्छ, घट्ट बांधलेली जाळीही लावली.